येळ्ळूरच्या शिवारातला बकऱ्यांचा वाडा : चीक, बोंडलं आणि मार्गशीर्षातली थंडी

गावाच्या आठवणी लिहायला बसलं की आपण बहुतेक वेळा गडावर, देवळात, नाहीतर लढ्यात फिरून येतो. येळ्ळूर म्हटलं की राजहंसगड, चांगळेश्वरीची यात्रा, कुस्तीचं मैदान आणि २०१४ सालचा तो फलक. हे सगळं लिहून झालंय आणि पुढंही लिहिलं जाईल. आज मी सुगीनंतरच्या रानाबद्दल लिहितोय. भात कापून झाल्यावर आपल्या शिवारात उतरणारे बकऱ्यांचे कळप, त्यांची व्यायची वेळ आणि त्या वेळी रानात आणि आपल्या घरात जे काय घडायचं, ते नवीन पिढीला ठाऊक असावं म्हणून.

आधी शब्दाचा घोळ मिटवूया. पुण्या-मुंबईकडं बकरी म्हणजे शेळी. आपल्याकडं, म्हणजे कोल्हापूर, निपाणी, बेळगाव पट्ट्यात, बकरी म्हणजे मेंढी. शेळीला आपण शेरडू म्हणतो. त्यामुळं आमच्या घरात "यंदा रानात बकरी बसवायची" असं आज्जा म्हणाला की मेंढरांचा कळप रात्रभर आपल्या शेतात बसणार, एवढाच अर्थ. बसवायची कशाला? लेंडी आणि मुतासाठी. शेतकीच्या पुस्तकांत गोठ्यातल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का आणि शेळ्या-मेंढ्यांच्या खतात ३ टक्के असं धरतात. आज्जाला टक्के ठाऊक नव्हते. "बकरी बसलेलं रान दोन वर्सं बोलतंय" एवढंच तो म्हणायचा.

हे कळप यायचे चिकोडी, रायबाग, गोकाककडच्या कोरड्या भागातून. काही कोल्हापूरकडून. कुणी मराठी बोलणारे धनगर, कुणी कन्नड बोलणारे कुरुबर. पावसाळ्यात आपल्याकडच्या चिखलात बकऱ्याचा खूर कुजतो, म्हणून ते पूर्वेच्या माळावर असायचे. दिवाळी झाली की पश्चिमेला सरकायचे. आपल्याकडं तेव्हा भाताची कापणी चाललेली. बांधावर गवत, धसकटाला फुटवा, मळणीच्या जागेवर सांडलेलं पोचट भात. पुढं मसूर, वाटाणा, हरभरा निघाला की त्याचं भुसकाट. सहा महिने पोटाची सोय.

यात एक मोठं गणित होतं, ते मला फार उशिरा उमगलं. मेंढी साधारण १५० दिवस गाभण असते. पहिल्या पावसानं माळ हिरवा झाला की जून-जुलैत बकऱ्या अंगानं भरतात आणि नराला लागतात. तिथून पाच महिने मोजा. नोव्हेंबर-डिसेंबर येतो, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्ष. नेमकी आपल्या भाताची सुगी! दूध देणाऱ्या आईला जेव्हा सगळ्यात जास्त खायला लागतं, तेव्हाच आपलं शिवार मोकळं व्हायचं. हे पंचांग कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पाऊस, गवत आणि चालणारी माणसं यांनी मिळून ते बसवलं होतं.

आमच्या रानात जो वाडा यायचा, त्याचा म्हातारा कारभारी कुरुबर होता. सगळे त्याला अज्जा म्हणायचे, म्हणून आमच्या घरात दोन आज्जे. तो माझ्या आज्जीला "अव्वा" म्हणायचा. वाडा उतरला की पहिल्यांदा वाघर लावायचे. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, काठ्यांना ताणून केलेलं तात्पुरतं कुंपण. आत मोठी बकरी, बाजूला पिल्लांची वेगळी जागा, घोड्याच्या पाठीवरून उतरवलेला संसार, आणि चारी बाजूंनी कुत्री. वाघराची जागा दोन-तीन रात्रींनी हलवायची, म्हणजे सगळ्या रानाला सारखं खत. मोबदला धान्यात. भात मापून द्यायचं, वर आज्जी मसूर, मिरच्या आणि गुळाचा खडा द्यायची.

आता व्यायच्या वेळेबद्दल.

गाभण बकरीच्या पोटातलं पिल्लू शेवटच्या दीड महिन्यात झपाट्यानं वाढतं. जन्मताना जे वजन असतं, त्यातलं बहुतेक याच दिवसांत येतं. त्याच वेळी पोटात जागा कमी झाल्यानं आईला एका वेळी फार खाता येत नाही. म्हणून थोडं पण कसदार द्यायचं. आजचे डॉक्टर रोज पाव किलोच्या आसपास खुराक सांगतात. अज्जाकडं खुराक म्हणजे ज्वारी-मक्याचा भरडा, मिळाली तर शेंगपेंड, आणि वाटेत गोळा केलेल्या बाभळीच्या शेंगा. जड झालेल्या बकऱ्या तो लांब चारायला न्यायचा नाही, जवळच्या बांधावर ठेवायचा. त्यांच्यावर ओरडायचं नाही, कुत्रं सोडायचं नाही, दाराच्या अरुंद वाटेनं रेटायचं नाही.

एक गोष्ट मात्र तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. भुकेली बकरी मळणीच्या राशीत तोंड घालते. एकदम भसाभसा धान्य खाल्लं की पोटात आंबतं, पोट फुगतं आणि जनावर एका रात्रीत जातं. खळ्याजवळ त्याची नात हातात काठी घेऊन बसलेली असायची. आम्हाला वाटायचं ती आमचं भात राखायलीय. खरं तर ती आपली बकरी राखत होती. दोन्ही राखणी एकच झाल्या म्हणा.

व्यायला आलेली बकरी कळपातून बाजूला होते. कास उतरते, पायानं जमीन उकरते, उठते, बसते. अज्जा लांब बसून बघायचा. आधी दोन पुढचे पाय आणि त्यावर नाक दिसलं की हात लावायचा नाही. उलटं दिसलं तरच उठायचा. पिल्लू पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचा आणि ते आईच्या तोंडापुढं ठेवायचं. आई चाटते तेव्हा दोन कामं होतात. पिल्लू सुकतं आणि आईला त्याचा वास कळतो. मेंढी आपलं पिल्लू वासानं ओळखते, आणि ही ओळख पहिल्या काही तासांतच पक्की होते.

मग चीक. सडाच्या तोंडाला मेणासारखं बूच असतं. अज्जा पहिली धार जमिनीवर पिळून ते मोकळं करायचा आणि पिल्लाचं तोंड सडाला लावायचा. "चीक पोटात गेला की अर्धं काम झालं", हे त्याचं वाक्य. विज्ञान तेच सांगतं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच नाळेतून रोगाशी लढायची थोडी ताकद मिळते, कोकराला मिळत नाही. त्याला ती सगळी चिकातून घ्यावी लागते, आणि पहिला दिवस संपता संपता आतड्याचं ते दार बंद होतं. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. नाळेला अज्जा हळद लावायचा, आज टिंक्चर आयोडीन लावतात.

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लं चरायला जात नाहीत. अगदी लहान असतील ती डालग्याखाली, बाकीची वाघरात. आया सकाळी जातात आणि कास भरून संध्याकाळी येतात. दिवस मावळताना आमच्या बांधावर जो गलका उठायचा, तो ज्यांनी ऐकला त्यांना वेगळं सांगायला नको. शंभर आया, शंभर पिल्लं, सगळी एकदम ओरडणार आणि दहा मिनिटांत प्रत्येकाला आपापलं माणूस सापडलेलं. आम्ही पोरं पैज लावायचो, एखादं तरी चुकेल म्हणून. चुकायचं नाही.

पण सगळ्यांना आई मिळतेच असं नाही. एखादी पहिलटकरीण पिल्लाला लाथ मारते. एखादी व्यायल्यावर मरते. मग अज्जाचे तोडगे. पिल्लाच्या पाठीवर मीठ चोळायचं, म्हणजे आई चाटू लागते. दुसऱ्या एखाद्या बकरीचं पिल्लू मेलं असेल, तर त्याची कातडी पोरक्या पिल्लाच्या अंगावर पांघरायची. वासाला फसून ती त्याला पाजते. पुढं वाचताना कळलं, ब्रिटनमधले मेंढपाळही हेच करतात. हजारो मैल लांब, एकमेकांना कधी न बघितलेली माणसं, आणि युक्ती तीच! तेही नाही जमलं तर कळपात पाळलेल्या चार शेरडांचं दूध. आणि तेही आटलं असेल, तर आमची आज्जी.

मी सहावीत होतो त्या वर्षाची गोष्ट. डिसेंबरात अवेळी पाऊस लागला. संध्याकाळी ढग आले, रात्री धो धो. गडाकडून वारं. वाड्यावर नुकतीच जन्मलेली तीस-चाळीस पिल्लं. ओलं कोकरू आणि थंड वारं, यापेक्षा वाईट गोष्ट मेंढपाळाला नाही. अंगात चरबी फारशी नसते, दोन-तीन तासांत गार पडून संपतं. मध्यरात्री अज्जा दारात आला. डोक्यावर घोंगडं, घोंगड्याच्या खोळीत चार पिल्लं.

"अव्वा, मरी थंडीनं मराय लागल्यात."

मरी म्हणजे कन्नडात पिल्लू. आज्जीनं एक शब्द विचारला नाही. "आण हिकडं समद्या मरी," म्हणाली आणि सोप्याचं दार सताड उघडलं.

एरवी वाड्यावरची माणसं आमच्या अंगणापर्यंतच यायची. हे खरं आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गावात बसलेला आणि रानात फिरणारा, यांच्यात एक उंबरा होता. त्या रात्री तो राहिला नाही. सोप्यावर पिंजर पसरली, चुलीवर पाणी, गोणपाटानं घासून घासून पिल्लं कोरडी केली. अज्जाची सून आमच्या चुलीपुढं बसून एकेकाला शेक देत होती. आज्जीनं माळ्यावरून बोंडलं काढलं, आम्ही भावंडं लहानपणी ज्यातून दूध प्यालो ते. गाईचं कोमट दूध, थोडं थोडं, दर दोन तासांनी. मेंढीच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास, गाईच्या दुधात जेमतेम ४. पण एकदम पोटभर पाजलं तर पिल्लू हगवणीनं जातं. हे आज्जीला अज्जानं सांगितलं, कन्नडात. तिनं उत्तर दिलं मराठीत. दोघांचं काही अडलं नाही.

सकाळी सहा पिल्लं मेलेली होती. बाकीची जगली. अज्जानं ती सहा गडाच्या बाजूच्या ओढ्याकाठी पुरली आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या वर्षी तो आला तेव्हा आज्जीसाठी काळं घोंगडं घेऊन आला. ते अजून आमच्या घरात आहे.

अशा रात्री जुन्या झाल्यात असं समजू नका. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अवेळी पाऊस आणि थंडी एकदम आली, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर भागांत उघड्यावरची मेंढरं मोठ्या संख्येनं मेली. बातमी वाचली तेव्हा मला आमचा सोपा आठवला. त्या मेंढपाळांना त्या रात्री किती सोपे उघडे मिळाले असतील?

याच विषयातली दुसरी बाजू फलटणची. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच पिल्लू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी जुळी-तिळी देते. या गरोळमधला जुळ्यांचा जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी रक्तात आणला आणि नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. गंमत म्हणजे १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून हाच जनुक तिकडच्या बुरुला मेरिनोत पोचला होता. जुळं म्हणजे दुप्पट पैसा खरा, पण दुप्पट दूध, दुप्पट खुराक आणि दुप्पट रात्रीची जागही. एका जागी बांधून पाळणाऱ्याला ते झेपतं. रोज मैलोगणती चालणाऱ्या आईला एकच पिल्लू का, ते अज्जाच्या वाड्यावर राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत कर्नाटकात सुमारे १ कोटी ११ लाख मेंढ्या होत्या, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. दोन्ही राज्यांत मेंढपाळांसाठी सरकारी महामंडळं आहेत. कळप मात्र हद्द बघून चरत नाहीत. आमच्या गावाची भाषेची लढाई मला कधी लहान वाटली नाही, आजही वाटत नाही. पण वाड्यावर मरी आणि पिल्लू हे दोन्ही शब्द एकाच डालग्याखाली राहायचे, हेही त्याच गावाच्या इतिहासात लिहून ठेवायला हवं.

आता शिवार आटत चाललंय. प्लॉट पडलेत, हलगा-मच्छे बायपासनं सुपीक रानं कापली, युरियाची पोती दारात येतात. तरी भात निघाल्यावर कळप येतातच. कुणी टेम्पोतून पिल्लं आणतात, लस टोचून घेतात, मोबाईलवर पाऊस बघतात. आईचा चीक आणि कोरडी जागा यांना मात्र अजून पर्याय निघालेला नाही.

म्हणून एकच मागणं. यंदा मार्गशीर्षात तुमच्या रानाशेजारी वाडा उतरला, तर विहिरीचं पाणी भरू द्या, आपली कुत्री बांधून ठेवा, भुसकाट जाळण्याआधी त्यांना विचारा. पाऊस आला तर गोठ्याचा एक कोपरा मोकळा करा. आणि घरात जाणती माणसं असतील, तर बकरी बसवायचा तुमच्याकडचा हिशेब काय होता, बोंडल्याला, वाघराला तुमच्याकडं काय म्हणायचे, ते विचारून लिहून ठेवा. ही माणसं आहेत तोवरच ते शब्द मिळतील.