गणकयंत्रांची निगा आणि निगा राखणारे



यंत्राचा इतिहास सांगताना ते कोणी शोधले, कोणी विकत आणले, हे आपण आवर्जून सांगतो. ते रोज कोणी पुसले, हे सांगावयाचे राहून जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, हे शाळेतले पोरही सांगेल. पण ती गाडी पुढे रोज धडपणे धावावी म्हणून चाकावर हातोडी मारून, आवाजावरून तडा ओळखणारा जो माणूस असे, त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. आज आम्ही त्याच्याच जातकुळीच्या एका नव्या कामगाराविषयी बोलणार आहोत. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. या विषयातले जे थोडे कळते, ते आमच्या सभासदांनी शिकविले.

प्रथम आमच्याच चळवळीची चूक कबूल केली पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात गणकयंत्रे येऊ लागली, तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. त्यामागे नोकरी जाण्याचे भय होते आणि ते खोटे नव्हते. सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली यांत्रिकीकरणाविषयी समिती नेमली; तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे १९८३ साली बँकांत व्यवस्थापन व संघटना यांच्यात याच प्रश्नावर करार झाला. यंत्र येऊ द्यावे की नाही, यावर आम्ही वीस वर्षे भांडलो. आलेल्या यंत्राची निगा कोण राखणार आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न मात्र आम्ही फारसा विचारलाच नाही.

वास्तविक तो प्रश्न देशापुढे १९७८ मध्येच उभा राहिला होता. मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले जॉर्ज फर्नांडिस तेव्हा केंद्रात उद्योगमंत्री होते. परकीय भांडवलाचा वाटा कमी करण्याची अट आय.बी.एम. कंपनीने मानली नाही आणि ती देश सोडून गेली. यंत्रे मात्र येथेच राहिली. ती चालवावयाची कशी? या कामासाठी सरकारी कंपनी आधीच, डिसेंबर १९७५ मध्ये, स्थापन झाली होती. तिचे नावच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. परक्याने टाकून दिलेली यंत्रे आपल्या माणसांनी सांभाळली, आणि सांभाळता सांभाळता ते इतके शिकले की रेल्वेच्या आरक्षणाची गणकव्यवस्था याच कंपनीने उभी केली. निगा राखणे हे हलके काम नसून विद्येचे दार आहे, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

१९७३ साली अंधेरीस सीप्झ सुरू झाले आणि गणकयंत्राचा धंदा उपनगरात आला. आज विक्रोळी, चांदिवली, पवई या पट्ट्यात ‘सर्व्हर’ नावाच्या यंत्रांची गोदामेच्या गोदामे आहेत. सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांच्या मागण्या पुरविणारे यंत्र. त्यांतील असंख्य यंत्रे ‘लिनक्स’ या प्रणालीवर चालतात. हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालविलेल्या मुक्त प्रणालीच्या चळवळीची साधने तिला मिळाली. ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे गणकयंत्रांच्या यादीतील प्रत्येक यंत्र तिच्यावरच चालत आले आहे.

या यंत्राची निगा म्हणजे काय? पंखा फिरतो ना, तापमान चढले नाही ना, स्मृतीत चूक होत नाही ना, माहिती साठविणारी चकती खराब होत नाही ना, हे पाहणे. चकती आपली प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदीत स्वतःच सांगत असते; विचारणारा पाहिजे. मग प्रणालीकडे वळावयाचे. ‘अपटाइम’ ही आज्ञा गेल्या एक, पाच व पंधरा मिनिटांचा सरासरी भार तीन आकड्यांत सांगते. तिकिटाच्या चार खिडक्या आहेत आणि चार माणसे उभी आहेत, तर ठीक. चाळीस असली तर खोळंबा. लिनक्समध्ये चकतीच्या उत्तरासाठी तिष्ठत बसलेली कामेही या रांगेत मोजतात. म्हणून आकडा वाढला की खिडक्या कमी की चकती मंद, हे शोधावे लागते. ‘डीएफ’ आज्ञा उरलेली जागा सांगते. आणि सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे ‘लॉग’, यंत्राचे रोजनिशीपुस्तक. कोणत्या क्षणी काय बिघडले, ते त्यात वेळेसह लिहिले जाते.

या रोजनिशीचे मोल आम्हांस एका प्रसंगाने कळले. अंधेरीच्या एका कारखान्यात घाटकोपरच्या टेकडीवरील चाळीत राहणारा एक तरुण रात्रपाळीस सर्व्हर सांभाळीत असे, कंत्राटी कामगार. १९८८ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘रेड’ पद्धतीने तेथील चकत्या जोडलेल्या होत्या. या पद्धतीत एक चकती गेली तरी दुसऱ्या काम ओढतात. हाच तिचा गुण आणि हाच धोका. कारण काम थांबत नाही म्हणून कोणाला काही कळतही नाही. एक चकती गेली. पोराने तीनदा लेखी कळविले. खर्चास मंजुरी आली नाही. पाच आठवड्यांनी दुसरी गेली, माहिती बुडाली, आणि दोष त्याच्या माथी आला.

तो आमच्याकडे आला, तेव्हा आमच्यातच कुजबूज झाली, की हे गणकयंत्रवाले म्हणजे साहेबलोक, यांना संघटना कशाला? त्या कुजबुजीत आम्हीही सामील होतो, हे आज सांगताना लाज वाटते. सुदैवाने रोजनिशीची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठविण्याची सोय त्यानेच करून ठेवली होती. चौकशीत आम्ही ती पाने मांडली. पहिली चकती गेल्याची तारीख, तास, मिनिट. आणि शेजारी त्याच्या तीन पत्रांच्या तारखा. निलंबन मागे घेतले गेले. पोर मात्र काही महिन्यांनी नोकरी सोडून गेला. खोटा आळ उतरला तरी मन उतरलेलेच राहते.

हे दुखणे केवळ अंधेरीचे नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यास आपल्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. त्याने माग काढला, तेव्हा ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत कोणी चोरदरवाजा ठेवल्याचे उघड झाले. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत वापरली जाणारी ही आज्ञावली बरीच वर्षे मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी, सांभाळीत होता. तो थकला होता. ‘मदतीस आलो’ म्हणणाऱ्या परक्याने दोन वर्षांत त्याचा विश्वास मिळविला आणि घात केला. अब्जावधींचे व्यवहार ज्या कामावर चालतात, ते काम एका थकलेल्या माणसावर सोडून देणे, यास आमच्या भाषेत पिळवणूक म्हणतात. आणि ती पिळवणूक जगास धोक्यात घालते, हे या वेळी सिद्ध झाले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. यंत्राची तक्रार लेखी आली, तर तिला लेखी उत्तर द्यावे. रात्रपाळीच्या माणसास नुसती जबाबदारी न देता चकती बदलण्याचा अधिकारही द्यावा. आमच्या संघटनेच्या कचेरीत सभासदांची नोंदवही आता एका जुन्या लिनक्स यंत्रावर आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिची राखून ठेवलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहतो. कारण न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, हेही त्याच पोराने शिकविले. वहीत त्याचे नाव अजून आहे. वर्गणी थकली आहे, पण नाव आम्ही काढलेले नाही.