निगआ : कुवेतचे जुने धक्के

आगमन-शताब्दीच्या स्मरणिकेत कुवेतच्या मच्छीमार बंदराचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. आपले खापरपणजोबा मुंबईच्या बंदरातून निघाले ते उसाच्या मळ्यांकडे, आखाताकडे नव्हे. पण माणसे ज्या धक्क्यावर उतरली तो कोणी बांधला, आणि मोडल्यावर पुन्हा कोणी उभा केला, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. मी बरीच वर्षे कुवेतमध्ये प्राथमिक वर्गांना शिकवते, म्हणून इथला किनारा मला जवळून पाहायला मिळाला.

कुवेत शहराच्या किनाऱ्यावर, विशेषतः शर्क भागात, समुद्रात शिरलेल्या दगडी भिंतींची छोटी बंदरे होती. त्यांना इथे निगआ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द ‘निगा’ असाच ऐकू येतो. अर्थाचा काही संबंध नाही, पण मला तो योगायोग आवडतो, कारण या भिंतींचे सारे आयुष्य निगा राखण्यावरच चालत होते.

रचना साधी. किनाऱ्यापासून आत दगडांचे बांध घालायचे, तोंडाशी होड्यांपुरती वाट मोकळी ठेवायची. कुवेतचा उपसागर उथळ आहे आणि मोठ्या भरतीला पाणी तीन-चार मीटर चढते-उतरते. भरतीला गलबत आत घ्यायचे. ओहोटीला ते तळावर टेकते, मग दोन्ही बाजूंनी टेकू लावून त्याची डागडुजी करायची. तळाला चुना आणि चरबीचे लेपण, वर माशाचे तेल. गलबताचे लाकूड म्हणजे मलबारचे सागवान आणि दोर काथ्याचे, तेही मलबारचेच. मुंबई आणि कालिकत ही या लोकांची नेहमीची गावे. १९६१ पर्यंत इथे चलनही रुपयाच होते. बसऱ्याचा खजूर घेऊन शरद ऋतूत निघालेली गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत, आणि शहराला पिण्याचे पाणीसुद्धा शत्त-अल-अरब नदीतून होड्यांनी येई. १९५३ साली सरकारचा समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना सुरू झाला तेव्हा ते थांबले.

भिंतीचा दगड समुद्रातलाच, सच्छिद्र. असा दगड पाण्यात बुडाला की त्याचे वजन जवळजवळ निम्मे भासते. मुलांना मी हे बादलीत दगड सोडून, तराजूच्या काट्यावर दाखवते. म्हणजे लाटेला तो हलवणे सोपे. तरीही या भिंती टिकल्या, कारण त्या घट्ट नव्हत्या. दगडांच्या फटींतून पाणी आत-बाहेर जाई, लाटेचा जोर फटींतच मोडे. ओहोटीला बाहेरचे पाणी झपाट्याने उतरते. आतले अडकून राहिले तर ते भिंतीला बाहेर ढकलते. सुट्या दगडांच्या भिंतीत ते आपोआप झिरपून जाई. वादळात चार दगड निखळले तर पुढच्या ओहोटीला चार माणसे चिखलात उतरून ते परत बसवीत.

पुनर्बांधणी करणाऱ्यांची इथेच फसगत होते. सिमेंटने सांधे भरले की भिंत दिसायला मजबूत, पण पाण्याची वाट बंद. मग भिंतीत भोके ठेवावी लागतात, मागे खडी थराथराने भरावी लागते, म्हणजे पाणी जाईल पण भराव वाहून जाणार नाही. पायाशी लाट वाळू उकरते, म्हणून तिथे मोठे दगड टाकावे लागतात. लोखंड घातले तर आणखी एक शत्रू. आखाताचे पाणी मोठ्या महासागरांपेक्षा खारट आहे. मीठ काँक्रीटमधून आत शिरते, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. रोज भिजणारा आणि रोज सुकणारा पट्टा सर्वांत आधी जातो. उन्हाळ्यात ओतलेले काँक्रीट पाणी उडून भेगाळते, म्हणून काम रात्री, वर ओली गोणपाटे. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर कामाला बंदी आहे, ती मात्र काँक्रीटसाठी नाही, माणसांसाठी.

मोठे जहाज लागू शकेल असे शुवैख बंदर १९६० साली सुरू झाले आणि निगआंचा व्यापार संपला. पुढे समुद्रात भराव पडला, किनाऱ्याचा रस्ता झाला, बऱ्याच निगआ त्याखाली गेल्या. १९९०-९१ च्या इराकी ताब्यात किनाऱ्यावर सुरुंग पेरले होते. आज शर्कच्या बाजूला मोजक्या निगआ डागडुजी करून राखल्या आहेत, आणि मासळी बाजाराजवळ लाकडी होड्या अजून लागतात. त्यांवरचे खलाशी बहुतेक परदेशी, त्यांत आपल्या देशाचेही पुष्कळ. पापलेटाला इथे झुबैदी म्हणतात आणि त्याचा भाव ऐकून कोकणी माणूस दचकतोच!

आता आपला घाट पाहा. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसे उतरली; २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. त्या सोळा पायऱ्या आपल्याला पाठ आहेत. तिथेही घाटाचा काही भाग मोटाररस्त्याखाली गेला. पण एक फरक मला सारखा खटकतो. गिरमिटावर आलेल्या प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण गोऱ्या कारकुनाने लिहून ठेवली. हेतू चांगला नव्हता, नंबर टाकून माणूस हुकमात ठेवण्याचा होता. तरी त्याच वह्यांमुळे आज आपण आपले गाव शोधतो. कुवेतच्या निगआंना व्यापारी घराण्यांची नावे आहेत, मुंबईत भाऊचा धक्का भाऊ अजिंक्यांच्या नावाने आहे. दगड वाहणाऱ्यांची नावे दोन्ही ठिकाणी नाहीत. मोत्यांसाठी बुडी मारणारे इथले गवशे नाखव्याच्या कर्जात बांधलेले असत, बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. हे वाचले की आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आजचा कामगारही कराराचाच. त्याला घरची माणसे इथे आणता येत नाहीत, पगाराची अट असते. माझ्या वर्गात त्याची मुले नसतात. असतात ती मुकादमाची, सर्व्हेअरची, क्रेन चालवणाऱ्याची. त्यांना मी दरवर्षी एक गृहपाठ देते : बाबांच्या टोळीत कोण कोण आहे, कुठल्या गावचे आहेत, आता कुठली भिंत किंवा कुठला रस्ता बांधतात, हे विचारून लिहून आणा. पहिल्या आठवड्यात मुले नुसती ‘काका’ असे लिहून आणतात. मी परत पाठवते. मग नावे येऊ लागतात. सिवान, रत्नागिरी, करीमनगर, श्रीकाकुलम. ही तिसरी वही आहे. पहिल्या दोन मी शाळेच्या कपाटात न ठेवता घरी ठेवल्या आहेत, कारण शाळेचे कपाट दर जूनमध्ये रिकामे करतात.