एकोणिसाव्या शतकातील निसर्ग-आकृतिबंध : फ्रेंच मुद्राचित्रे, मुंबईची मृत्पात्रे आणि अजिंठ्याची छतचित्रे – एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांतील उत्पादन वाढले, तसा रोजच्या वापरातील भांड्यांवर कोणती नक्षी असावी हा प्रश्न युरोपात महत्त्वाचा ठरला. त्यातून फुले, पक्षी, मासे व कीटक हे आकृतिबंध नव्याने पुढे आले. त्यांपैकी अनेकांचा स्रोत आशियाई होता. याच काळात अजिंठ्याची चित्रे मुंबईच्या कलाशाळेतील मृत्पात्रांवर उतरली. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन घटनांचा तौलनिक विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१. चित्रापासून भांड्यापर्यंत झालेला आकृतिबंधांचा प्रवास स्पष्ट करणे.
२. या प्रवासातील श्रेयाच्या वाटणीचे स्वरूप तपासणे.

फ्रान्समधील प्रयोग :
१८६६ मध्ये पॅरिसचे व्यापारी युजेन रूसो यांनी मुद्राचित्रकार फेलिक्स ब्राकमाँ (१८३३–१९१४) यांच्याकडून भोजनपात्रांच्या संचासाठी चित्रे करवून घेतली. ब्राकमाँ यांनी होकुसाई, हिरोशिगे आदी जपानी चित्रकारांच्या मुद्राचित्रांतील कोंबडे, बदके, मासे व फुले धातूच्या पत्र्यावर कोरली. कागदावर छापलेल्या या आकृती कापून भांड्यांवर चिकटवल्या जात. भट्टीत कागद जळून जाई व रेषा भांड्यावर उरे. नंतर हाताने रंग भरले जात. आकृती कोठे बसवायची याचे स्वातंत्र्य या पद्धतीत असल्याने पारंपरिक सममिती मोडली गेली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हा संच मांडण्यात आला.

अजिंठा आणि मुंबईची कलाशाळा :
अजिंठ्याच्या पहिल्या व दुसऱ्या लेण्यांची छते चौकोनांत विभागलेली असून त्यांत कमळे, फळे, हत्ती व हंस आढळतात. ही लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह नव्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडन येथेच आगीत जळाल्या. पुढे १८९६-९७ मध्ये या कामावर आधारित दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१८७० च्या दशकात याच संस्थेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मृत्पात्रनिर्मिती सुरू झाली. त्या भांड्यांवर सिंधमधील झिलईदार भांड्यांची परंपरा आणि अजिंठ्याची चित्रे अशा दोन्हींचा प्रभाव दिसतो. ही पात्रे प्रामुख्याने युरोपीय ग्राहक व प्रदर्शने डोळ्यांसमोर ठेवून घडवली जात.

तौलनिक विवेचन :
दोन्ही ठिकाणी आकृतिबंध मूळ संदर्भापासून सुटा झाला. होकुसाईंची चित्रे चित्रशिक्षणाच्या पुस्तकांतली होती. अजिंठ्याचे चित्रण बौद्ध भिक्षूंच्या निवासाचा व उपासनेचा भाग होते. भांड्यावर आल्यावर दोन्हींची केवळ नक्षी झाली. फरक पडला तो श्रेयात. फ्रेंच संच रूसो व ब्राकमाँ यांच्या नावाने ओळखला जातो. मुंबईत मात्र टेरी व ग्रिफिथ्स ही नावे ठळक झाली. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखा अपवाद वगळता प्रत्यक्ष रेषा ओढणारे विद्यार्थी आणि भट्टीवरील कुंभार इतिहासात फारसे नोंदले गेले नाहीत. ब्राकमाँ यांनी आशियाई चित्र स्वतः निवडले. मुंबईच्या विद्यार्थ्याला आपल्याच भूमीतील वारसा वसाहती अभ्यासक्रमातून शिकवला गेला.

निष्कर्ष :
१. निसर्ग-आकृतिबंधांचे पुनरुज्जीवन ही केवळ युरोपीय घटना नसून तिला आशियाई चित्रपरंपरेचा भक्कम आधार होता.
२. नक्कल करण्याच्या कामातही कौशल्य व निवड असते. म्हणून नकलकार व कुंभार यांना कलेतिहासात स्थान मिळणे आवश्यक आहे.
३. मूळ भित्तिचित्रांचा ऱ्हास होत असताना ही पात्रे व प्रतिकृती अभ्याससाधने ठरतात. मुकुंदवाडीसारख्या, अजिंठ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील परिसरातील महाविद्यालयांनी त्यांचा अभ्यास स्थानिक इतिहासाचा भाग म्हणून हाती घेणे उचित ठरेल.