सांगड, चूड आणि कोयता : उल्हास खोऱ्यातील रात्रीच्या मासेमारीविषयी काही शब्द

दोन लांबट पोकळ तरंगांवर सपाट मंच बांधावयाचा, त्याच्या कठड्याला विजेचे दिवे लावावयाचे आणि रात्री उथळ पाण्यातील मासा धनुष्यबाणाने टिपावयाचा, हा खेळ अमेरिकेत बराच रूढ आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातून वाहणाऱ्या उल्हास नदीवर असा मंच कोणी सोडल्याचे ऐकिवात नाही. तथापि त्या खेळाची जी तीन अंगे आहेत, म्हणजे तरंगता मंच, उजेड आणि हत्यार, त्या तिन्हींसाठी या खोऱ्याच्या भाषेत जुने शब्द आहेत. त्या शब्दांचे पुढे काय झाले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मंचाला मराठीत तराफा म्हणतात. परंतु दोन होड्या किंवा ओंडके शेजारी बांधून केलेल्या साधनाचा नेमका शब्द 'सांगड' हा होय. त्याचा संबंध संस्कृत 'संघाट' शब्दाशी जोडला जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात उल्हासच्या खाडीवरील कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो, आणि त्याच ग्रंथात पुढे तमिळ किनाऱ्याच्या वर्णनात ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नौकांना 'संगर' म्हटले आहे. मल्याळममधील याच कुळातला शब्द पोर्तुगीजांनी उचलला व 'जंगाद' करून ब्राझीलला नेला. तेथील कोळी आपल्या तराफ्याला अद्याप तेच नाव देतात. आपण मात्र आज सांगड घालतो ती विचारांची आणि धोरणांची. शब्द राहिला, त्याखालचे पाणी गेले.

उजेडाच्या शब्दांची गोष्ट याहून रंजक आहे. वाळल्या गवताची किंवा झावळ्यांची पेटती जुडी ती चूड. तेलात भिजविलेल्या चिंध्यांचा तो टेंभा. मशाल अरबीतून आली. कंदीलही अरबीतून आला, पण त्याचे मूळ लॅटिनमधील मेणबत्तीवाचक शब्दापर्यंत जाते. पुढे रॉकेलच्या दाबावर जळणारा दिवा आला; त्याला 'गॅसबत्ती' हे नाव मिळाले आणि 'पेट्रोमॅक्स' हे जर्मन व्यापारी नाव तर सामान्यनामच होऊन बसले. शेवटी हातातील विजेचा दिवा आला. पंडितांनी त्याला 'विजेरी' हा सुबक शब्द दिला, लोकांनी 'बॅटरी' पसंत केला. (चूड पेटविणारी काडीही परकी राहिली नव्हती, काड्यापेट्यांचा विम्कोचा मोठा कारखाना अंबरनाथलाच होता.)

हा उजेड मुख्यतः लागे तो वलगणीला. पहिल्या जोरदार पावसात नदीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून, बांधांवरून भातखाचरांत चढतात. ठाणे-रायगडकडे ही 'वलगण', दक्षिण कोकणात हेच 'चढणीचे मासे'. धनुष्यबाण येथील कातकरी व ठाकूर जमातींना परका नव्हे, पण वीतभर पाण्यात बाण काढण्याची गरज ती काय? एका हाती उजेड, दुसऱ्या हाती कोयता, हीच रीत. अंडी भरलेली मासळी अशी मारणे पुढच्या हंगामावर घाला घालणारे आहे, ही गोष्ट रीत जुनी असली तरी लपत नाही.

बाणाचे माहात्म्य खोल पाण्यात. अंदमानी लोक किनाऱ्यालगतच्या समुद्रात बाणाने मासे मारीत, हे एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेले आहे. तेथे दोन अडचणी येतात. पहिली वक्रीभवनाची : चार हात खोल असलेला मासा सरळ वरून पाहता सुमारे तीन हातांवर दिसतो, आणि तिरके पाहिल्यास आणखी वर, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा लागतो. दुसरी उजेडाची. दिवा डोळ्यांच्या पातळीवर असला तर तिरीप पाण्याच्या पृष्ठावरून परतते व मारणाराच दिपतो. म्हणून मंचावर दिवे कठड्याबाहेर, खालच्या अंगाला, तोंड पाण्याकडे करून बांधतात आणि माणसे उभी राहतात ती जागा अंधारी ठेवतात. पाणी गढूळ असेल तर प्रखर पांढरा प्रकाश त्यातील कणांवर विखुरतो व धुक्यात दिवा लावावा तसे होते. तेथे पिवळसर दिवे बरे, असा खेळणाऱ्यांचा अनुभव आहे. चूड हातात खाली, पाण्याजवळ धरणाऱ्यास यातले निम्मे शास्त्र न शिकताच अवगत होते.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. चूड मासा दाखविते. समुद्रातील प्रखर दिवे मासा बोलावितात. ज्या दिव्यांनी थवेच्या थवे जाळ्यात ओढले जातात, त्या एलईडी मासेमारीला केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी केली, आणि महाराष्ट्रानेही १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा करून ती कडक केली. दोन्हींना 'दिव्यावरची मासेमारी' हे एकच नाव देणे भाषेच्या दृष्टीनेही ढिसाळपणाचे आहे.

आता दाखविणाऱ्या उजेडाला पाणी पारदर्शक हवे, आणि प्रश्न येथेच येतो. १९२२ साली सुरू झालेल्या टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणारे पाणी उल्हासला मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. मुंबईला दिवे देणाऱ्या पाण्यानेच ही नदी जिवंत ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीला तिचेच नाव देऊन उल्हासनगर वसले. परंतु शिलाहारांच्या १०६० सालच्या अंबरनाथ मंदिराजवळून, मग उल्हासनगरातून जाणारी वालधुनी कारखान्यांचे सांडपाणी घेऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते. २०१४ मध्ये तिच्यात चोरून सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो लोक अत्यवस्थ झाले होते. कल्याणच्या बाजूला उल्हासच्या पात्रावर जलपर्णीचा थरही वारंवार पसरतो. त्या थराखाली चूड, गॅसबत्ती वा एलईडी यांत काही फरक उरत नाही.

बदलापूरच्या वरच्या अंगाला मृगाच्या पावसात खाचरांतून अजून बॅटऱ्या फिरतात. पाणी वीतभरच असते, पण तळ दिसतो.