भीतीचा नंबर

मंडळी, वाईट स्वप्नालाही नंबर असतो हे तुम्हाला माहीत होतं का? एफ ५१.५. पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी मेडिकल कोडिंग करणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांच्या स्क्रीनवर हा कोड अधूनमधून उमटत असणार. नाइटमेअर डिसऑर्डर, म्हणजे दुःस्वप्न विकार. ज्या भीतीने माणूस पहाटे घामाघूम होऊन उठतो, तिची किंमत एक अक्षर, तीन आकडे आणि एक टिंब. :)

हे नंबर आले कुठून? लंडनमध्ये पूर्वी मृत्यूंच्या याद्या छापायचे. १६३२ च्या यादीत 'दुःखाने' मेलेले ११ आणि 'भेदरून' मेलेला १, अशी सरळ नोंद आहे. पुढे १८९३ मध्ये जाक बर्तियों ह्या फ्रेंच माणसाने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची सहावी आवृत्ती काढली. तीत मृत्यूबरोबर आजारही आले आणि मानसिक विकारांना स्वतंत्र विभाग मिळाला. थोडक्यात, भेदरलेल्याची नोंद व्हायला आता त्याने मरायची गरज उरली नाही!

पण 'भेदरणं' म्हणजे नेमकं काय? जॉन बाँड नावाच्या डॉक्टरने १७५३ मध्ये नाइटमेअरवर अख्खा निबंध लिहिला. त्याचं वर्णन वाचलं तर आपल्याकडच्या आज्या म्हणतील, "अरे, हा तर छातीवर मुंजा बसला!" जाग आहे, पण हात हलत नाही, छातीवर ओझं. आज ह्याला झोपेतला लकवा म्हणतात आणि त्याचा कोड वेगळा आहे.

ही गाठ सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९५३ मध्ये शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी रेम झोप शोधली, म्हणजे डोळे भराभर हलतात ती झोप. १९६८ मध्ये रॉजर ब्राउटन याने दाखवून दिलं की लहान मुलं रात्री किंचाळून उठतात, तो प्रकार रेम झोपेतला नसून गाढ झोपेतला आहे. तो झाला एफ ५१.४. ते मूल रात्रीच्या पहिल्या प्रहरांत ओरडतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. खरं दुःस्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात येतं. माणूस लगेच भानावर येतो आणि स्वप्न तपशीलवार सांगतो. नव्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्याला ७बी०१.२ हा कोड आहे.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात आपला काय संबंध? जरा इंदापूरला चला. आपल्या मुलखात वर्गवारीचा सगळ्यात मोठा प्रयोग तिथेच झाला. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने तिथे सारा ठरवला. पद्धत एकदम शास्त्रशुद्ध! प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, खर्च वजा करायचा, उरलेल्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर छान, पण मोजणी चुकीची, खर्चाचे अंदाज चुकीचे आणि मोजणाऱ्यांची लाचखोरी वेगळीच. सारा झेपेना. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मांडणी केली. मातीचे नऊ वर्ग, तेही रंग, पोत आणि खोली पाहून, म्हणजे शेतात उभ्या माणसाला हाताने तपासता येईल असे. सारा कमी केला आणि तीस वर्षं न बदलण्याची हमी दिली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

डेटाबेस डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी असं मला वाटतं. वर्ग चुकला की चूक तक्त्यात राहत नाही, माणसाच्या घरापर्यंत जाते.

स्वप्नांचंही तेच. समजा, इंदापूर तालुक्यातला एखादा शेतकरी बारामतीच्या ओपीडीत आला. (तिथे २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे.) तो काय सांगणार? "डॉक्टर, झोप लागत नाही." नोंद झाली निद्रानाश, एफ ५१.०, आणि गोळी मिळाली. पण तो स्वप्नाच्या धास्तीने झोपायलाच घाबरत असेल तर? ते विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारायला मशीन लागत नाही, प्रश्न लागतात. स्वप्न आठवतं का? रात्री कितीला जाग येते? आठवड्यातून किती वेळा? दिवसाच्या कामावर परिणाम होतो का? दारू नुकतीच सोडली का? रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली का? (काही बीटा-ब्लॉकर्सनी अशी स्वप्नं पडतात.) एखादा अपघात किंवा आघात झाला होता का? तसं असेल तर मूळ निदान एफ ४३.१ असू शकतं. झोपेत हातपाय झाडत असेल, तर झोपेची तपासणी.

आणि शेवटचा प्रश्न, जो टाळला जातो: जीव द्यावासा वाटतो का? फिनलंडमध्ये ३६ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत, २००१ साली, असं दिसलं की वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्यांत आत्महत्येचं प्रमाण जास्त होतं. कर्ज आणि दुष्काळ पाहिलेल्या आपल्या गावांत हा प्रश्न राहून जाणं परवडणारं नाही. उपायही आहेत. जागेपणी त्याच स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज त्याची मनात उजळणी करायची, ह्या साध्या पद्धतीचा अनेकांना फायदा होतो. बोलायला कोणी नसेल तर सरकारचा टेली-मानस नंबर आहे, १४४१६.

कोड शेवटी एक खानाच असतो. विंगेटने खाने कमी ठेवले, पण त्याआधी माती हातात घेतली. निदानाचंही तसंच आहे. आधी माणसाला विचारा, मग ड्रॉपडाउन उघडा.

असो. ह्या विकेंडला एवढंच. तुमच्या घरी मुंज्याला काय म्हणतात, ते कळवा.