जुन्या डिझेल इंजिनसाठी कोणतं ऑइल? डब्यावरचे कोड असे वाचा

गाडी बाबांची किंवा काकांची असते, पण ऑइल ऑनलाइन मागवायचं काम हल्ली आपल्याकडे येतं. ॲपवर 'डिझेल इंजिन ऑइल' टाकलं की ढीगभर डबे समोर येतात. सगळ्यांवर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं, आणि किमतीत मात्र दुपटीचा फरक. कुणी सांगतं, "जुनं इंजिन आहे, जाड ऑइल टाक." कुणी म्हणतं, "सिंथेटिक घे, तेच बेस्ट." आणि डब्यावर सीएच-४, सीआय-४, सीके-४ असली अक्षरं असतात, त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही.

या लेखात 'जुनं डिझेल इंजिन' म्हणजे बीएस-४ किंवा त्याआधीचं, डीपीएफ नसलेलं इंजिन. जुनी सुमो, बोलेरो, क्वालिस, टाटा ४०७, शेतावरचा ट्रॅक्टर, यातलं बरंचसं यात आलं. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी सायलेन्सरमधली जाळी. बीएस-६ डिझेल गाड्यांना ती असते, आणि तिथे ऑइलचा हिशोब बदलतो. तो पुढे सांगतो.

थोडक्यात उत्तर

- जाडी (उदा. १५डब्ल्यू-४०) गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलीय तीच घ्या.
- दर्जा (उदा. सीएच-४) मॅन्युअलमध्ये दिलाय तो किंवा त्याच्या पुढचा घ्या. मागचा नको.
- 'एफए-४' लिहिलेलं ऑइल जुन्या इंजिनात कधीही टाकू नका.
- फक्त 'एस'ने सुरू होणारा कोड असेल (एसएल, एसएन), तर ते पेट्रोल इंजिनाचं ऑइल आहे.

आता यामागचं कारण. ते कळलं की कुठलाही नवा डबा तुम्हाला स्वतःला वाचता येईल.

एका डब्यावर दोन वेगळे कोड

सगळा गोंधळ इथेच होतो. १५डब्ल्यू-४० हा एक कोड आणि सीआय-४ हा दुसरा. पहिला सांगतो ऑइल किती जाड आहे. दुसरा सांगतो ते ऑइल कोणत्या परीक्षांत पास झालंय. दोन डब्यांवर १५डब्ल्यू-४० असलं म्हणून ते सारखे होत नाहीत. दोन फोनचा स्क्रीन ६.५ इंची असला म्हणून प्रोसेसर सारखा असेल असं नाही ना, तसंच.

पहिला कोड: जाडी

हा कोड एसएई या संस्थेच्या प्रमाणातून येतो. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची इंजिन सुरू होतानाची चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला आणि ५डब्ल्यूची उणे ३०ला. म्हणजे नाशिक-पुण्याच्या कडाक्याच्या थंडीतही १५डब्ल्यू किंवा २०डब्ल्यू ऑइलला काही अडचण नाही. जुनी बोलेरो घेऊन भर हिवाळ्यात लडाखला जाणार असाल, तर मात्र हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

दुसरा आकडा गरम इंजिनातली जाडी सांगतो. ती १०० अंशांवर मोजतात:

- ३०: ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक
- ४०: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक
- ५०: १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक

जुनी इंजिनं बहुतेक '४०' धरून डिझाइन झालेली आहेत. त्यांच्या बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद, सगळं त्या हिशोबाने ठरवलेलं असतं. क्रँकशाफ्ट बेअरिंगला घासत नाही, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल गरजेपेक्षा पातळ झालं की हा थर तुटतो आणि धातू धातूला लागतो. नको तितकं जाड झालं, तर थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद ते वरपर्यंत वेळेत पोचत नाही. इंजिनची बरीच झीज याच काळात होते.

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनांना आणि काही जुन्या ट्रॅक्टरना अनेकदा एकाच आकड्याचं ऑइल सांगितलेलं असतं, नुसतं ३० किंवा ४०. कंपनीने १५डब्ल्यू-४० चालेल असं लिहिलं नसेल, तर जे सांगितलंय तेच टाका.

दुसरा कोड: दर्जा

ही अक्षरं एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. 'सी'ने सुरू झालं की डिझेल, 'एस'ने सुरू झालं की पेट्रोल. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. शेवटचा '४' हा व्हर्जन नंबर नाही. तो फोर-स्ट्रोक इंजिनचा आहे.

- सीएफ-४: १९९० चा, आता कालबाह्य
- सीएच-४: १९९८
- सीआय-४: २००२, ईजीआर असलेल्या इंजिनांसाठी
- सीजे-४: २००६, डीपीएफ असलेल्या इंजिनांसाठी
- सीके-४: २०१६ चा शेवट

ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडायची सोय. त्यामुळे ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल वाढतं. प्रत्येक नव्या दर्जात काजळी सांभाळणं, झीज रोखणं, उष्णतेत टिकणं, यांच्या परीक्षा कडक होत गेल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे सगळं बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीसारखं दिसतं. नवं व्हर्जन जुन्याचं काम करतं, जुनं मात्र नव्याचं करू शकत नाही. एपीआयच्या नियमानुसार सीआय-४ हे सीडी, सीई, सीएफ-४, सीजी-४ आणि सीएच-४ या सगळ्यांच्या जागी चालतं. सीके-४ हे सीएच-४, सीआय-४ आणि सीजे-४ च्या जागी चालतं. म्हणजे मॅन्युअलमध्ये सीएफ-४ लिहिलंय आणि दुकानात ते मिळत नाही, तर घाबरायचं कारण नाही. त्याच जाडीचं सीआय-४ घ्या.

एफए-४ चा अपवाद

सीके-४ सोबतच एफए-४ आलं. इंधन वाचवण्यासाठी ते मुद्दाम पातळ ठेवलंय. १५० अंशांवर, जोराच्या दाबाखाली ऑइल किती जाड राहतं याचं एक माप असतं. सीके-४ मध्ये ते किमान ३.५ लागतं, १५डब्ल्यू-४० ला तर किमान ३.७. एफए-४ मध्ये ते २.९ ते ३.२ च असतं. नव्या ट्रक इंजिनांपैकी काहींनाच ते चालतं. जुन्या इंजिनाच्या बेअरिंगसाठी तो थर अपुरा आहे. हे अपडेट नाही, वेगळीच शाखा आहे. आपल्या दुकानांत हे ऑइल सहसा दिसत नाही, पण ऑनलाइन यादीत काहीही समोर येऊ शकतं.

'एसएन/सीएफ' चा सापळा

चकचकीत सिंथेटिक ऑइलच्या डब्यावर बऱ्याचदा 'एसएन/सीएफ' असतं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही इंजिनांना चालतं. पण आधी 'एस' लिहिलंय, म्हणजे ते मुख्यतः पेट्रोलसाठी बनवलंय. आणि 'सीएफ' हा १९९४ चा, कधीच कालबाह्य झालेला दर्जा आहे. सीएफ आणि सीएफ-४ हेसुद्धा एक नव्हेत. सीएच-४ मागणाऱ्या इंजिनात फक्त सीएफच्या भरवशावर ऑइल टाकू नये.

डिझेल कारच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा डब्यावर युरोपच्या एसीईएचा 'ए३/बी४' कोडही असेल आणि तुमच्या कारच्या मॅन्युअलमध्येही तोच असेल, तर ते ऑइल योग्य आहे. यातला 'बी' डिझेल कारसाठीच असतो.

मग सीआय-४ की सीके-४?

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे याचं उत्तर वेगळं होतं, आणि त्याचं कारण आपलं डिझेल. डिझेलमधल्या गंधकापासून इंजिनात आम्ल तयार होतं. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षारयुक्त रसायनं घालतात. पण ही रसायनं जळली की राख उरते आणि ती डीपीएफ बुजवते. म्हणून सीजे-४ पासून राखेवर १ टक्क्याची मर्यादा आली. राख कमी म्हणजे आम्ल मारायची ताकदही थोडी कमी. त्यामुळेच डिझेलमध्ये गंधक १५ पीपीएमपेक्षा जास्त असेल, तर सीजे-४ आणि सीके-४ ऑइल लवकर बदलावं लागू शकतं, असा इशारा एपीआय देते.

आपल्याकडे बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत गंधक चालायचं, बीएस-४ मध्ये ५०. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, त्यात मर्यादा आहे १० पीपीएम. गाडी २००५ ची असली तरी पंपावर तिला हेच नवं डिझेल मिळतं. म्हणजे तो इशारा आता आपल्याला फारसा लागू होत नाही.

त्यामुळे माझं मत असं: घरात एकच जुनी गाडी असेल तर चांगल्या कंपनीचं १५डब्ल्यू-४० सीआय-४ पुरेसं आहे, सीके-४ घेतलंत तर उत्तमच. घरात जुना ट्रॅक्टर आणि बीएस-६ डिझेल गाडी दोन्ही असतील, तर ट्रॅक्टरचं उरलेलं सीआय-४ नव्या गाडीत ओतू नका. त्याची राख डीपीएफमध्ये साचते, आणि ती इंजिनाच्या उष्णतेने जळून जात नाही.

नेहमीचे प्रश्न

*इंजिन ऑइल खातंय. २०डब्ल्यू-५० टाकू का?*
जाड ऑइलने खप थोडा कमी होईल, ऑइल प्रेशरही थोडं वाढेल. पण रिंगा झिजल्या असतील तर त्या झिजलेल्याच राहतील. आधी कारण शोधा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर आणि इंजेक्टर बघा. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, गाडी चालवू नका. मॅन्युअलमध्ये तुमच्या भागातल्या तापमानासाठी ५० चा पर्याय दिला असेल, तरच तो घ्या.

*नवं ऑइल चार दिवसांत काळं झालं. डुप्लिकेट आहे का?*
तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. डिझेल इंजिनात काजळी होतेच, आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. ऑइल काळं झालं म्हणजे काजळी इंजिनाच्या भिंतींवर न बसता ऑइलमध्ये आली.

*सिंथेटिक टाकल्यावर गळती सुरू होते का?*
सिंथेटिक ऑइल चांगलं सील खराब करत नाही. आधीच कडक झालेलं सील असेल तर गळती दिसू शकते. आणि सीआय-४, सीके-४ हे दर्जे मिनरल ऑइलमध्येही मिळतात. 'सिंथेटिक' या शब्दाआधी दर्जाचा कोड बघा.

*महाग ऑइल टाकलं तर उशिरा बदलता येईल?*
नाही. मॅन्युअलमधले किलोमीटर पाळा, ट्रॅक्टरसाठी तास पाळा (बऱ्याच ट्रॅक्टरना २५० तास असतात). उशिरा बदललेल्या सीके-४ पेक्षा वेळेवर बदललेलं सीएच-४ बरं. आणि ऑइलसोबत फिल्टर दर वेळी बदला. बरीच वर्षं हलकं ऑइल वापरलेल्या इंजिनात पहिल्यांदा चांगलं ऑइल टाकत असाल, तर पहिला बदल अर्ध्या अंतरावर करा, कारण आत साचलेली घाण सुटून फिल्टरमध्ये येते.

ऑर्डर करण्याआधी

1. मॅन्युअलमधल्या 'लुब्रिकंट' पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.
2. ॲपवर डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो झूम करा. वर्णनात दुकानदार काहीही लिहितो. कोड डब्यावरच वाचा.
3. एपीआयचा गोल शिक्का असेल तर वरच्या भागात दर्जा आणि मध्ये जाडी असते. तो शिक्का खरा आहे का, हे एपीआयच्या साइटवरच्या परवानाधारकांच्या यादीत ब्रँडच्या नावाने बघता येतं.
4. घरी आल्यावर झाकणाचं सील, तोंडावरचा पत्रा आणि बॅच नंबर तपासा. सील तुटलेलं असेल तर परत करा.
5. गॅरेजमध्ये ऑइल बदलताना डबा तुमच्या समोर फोडायला सांगा. रिकामा डबा तिथे सोडू नका, तोच परत भरला जातो.
6. काढलेलं काळं ऑइल शेतात किंवा गटारात ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. जिथे ते गोळा करून अधिकृत रिसायकलरला देतात, अशा गॅरेजला द्या.

मेकॅनिकने "हेच टाका" म्हणून डबा पुढे केला, तर त्याच्याशी वाद घालायची गरज नाही. फोनमधला मॅन्युअलचा फोटो दाखवा आणि विचारा, "दादा, यात सीएच-४ लिहिलंय, तुमच्या डब्यावर काय आहे?" चांगला मेकॅनिक स्वतःच डबा फिरवून दाखवेल.