पडदा, पेहराव आणि शिष्यवर्ग : कोल्हापूरच्या एका कलापरंपरेचा मागोवा

इतिहाससंशोधकांच्या दप्तरांत पत्रें, यादी, महजर आणि बखरी यांस जें स्थान मिळतें, तें रंगभूमीच्या मुकुटांस, शस्त्रांस व वस्त्रांस मिळत नाहीं. कागद जपून ठेवावा असें कोणास तरी वाटतें. बेगड लावलेला किरीट मात्र उतरला कीं अडगळींत जातो. त्यामुळें नाटक कोणीं लिहिलें व कोणीं गायिलें हें आपणांस कळतें. परंतु त्यांतील वेष व सामान कोणाच्या हातचें आणि तो हात कोणीं घडविला, हें कळत नाहीं. प्रस्तुत लेखांत कोल्हापुरांतील एका गुरुशिष्यपरंपरेचा या दृष्टीनें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. वेष व सामान करण्यास शिकणारा शिष्य गुरूची केवळ नक्कल करितो, कीं त्या कामांत त्याच्या स्वतःच्या स्वभावास वाट मिळते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

या परंपरेचे मूळपुरुष बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. यांचा जन्म १८९० सालीं कोल्हापुरांत झाला. चित्रकला व मूर्तिकला ह्या दोन्ही त्यांनीं स्वतःच्या अभ्यासानें साध्य केल्या. कोणत्याही कलाशाळेची सनद त्यांजपाशीं नव्हती. नात्यानें बंधु असलेले आनंदराव पेंटर यांच्यासह इ. स. १९१० ते १९१६ या काळांत त्यांनीं संगीत नाटक मंडळ्यांसाठीं व पारशी-गुजराती रंगभूमीसाठीं जे पडदे रंगविले, त्यांनीं त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. विष्णुपंत दामले व फत्तेलाल हे दोघे ह्याच पडद्यांच्या कामांत त्यांच्या हाताखालीं आले.

पडदा रंगविणें हें एकट्याचें काम नव्हे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. कापड ताणणें, खळ देणें, रंग कालविणें, आंखणी करणें व शेवटीं मुख्य आकृति भरणें, अशा पायऱ्या त्यांत असतात. शिष्य पहिल्या पायरीवर उभा राहून शेवटच्या पायरीकडे पाहत शिकतो. अशा व्यवस्थेंत शिस्त लागते, हातास वळण पडतें. पण वळण पडलेला हात तेंच तें गिरवूं लागण्याचा धोकाही असतो. कोल्हापुरांत तसें झालें नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या मतें असें कीं, गुरूनेंच स्वतःचें वळण मोडलें.

फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'नंतर, म्हणजे १९१३ नंतर, ह्या दोघां बंधूंस चलच्चित्रांचा ध्यास लागला. मुंबईच्या चोरबाजारांतून त्यांनीं एक प्रक्षेपणयंत्र विकत घेतलें व चित्रें दाखवितां दाखवितां कॅमेरा घडविण्याचा प्रयत्न चालविला. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. पुढें दामले यांच्या साहाय्यानें तो कॅमेरा सिद्धीस गेला आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्यानें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचें 'सैरंध्री' हें चित्र १९२० सालीं लोकांपुढें आलें. ज्या मनुष्याची कीर्ति रंगविलेल्या पडद्यांवर उभी होती, त्यानेंच चित्रपटांतून रंगविलेला पडदा दूर सारला व त्या जागीं लांबी, रुंदी आणि खोली असलेले भरीव देखावे उभारले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

ह्या एका बदलानें शिष्यांपुढील सर्व काम नवें झालें. रंगभूमीवरील प्रेक्षक दूर बसतो. दिव्यांच्या उजेडांत त्यास बेगड सोन्यासारखी व कागदाचा लगदा लोखंडासारखा दिसतो. कॅमेरा जवळ येतो. त्यापुढें मुकुटाची जाडी, तरवारीचें वजन आणि वस्त्राची चुणी हीं सर्व खरीं वाटावीं लागतात. शिवाय त्या काळच्या सर्वसाधारण फिल्मेस तांबडा रंग जवळजवळ काळा व निळा रंग फिकट दिसत असे. सबब पागोट्याचा रंग डोळ्यांस शोभतो कीं नाहीं, हें पाहून भागत नसे. तो छायेंत कोणत्या पायरीवर उतरेल, याचा अंदाज करावा लागे. असा अंदाज नुसत्या नकलेनें येत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच बांधावा लागतो.

बाबूराव देखावे, पेहराव व पात्रांच्या हालचाली आधीं कागदावर रेखाटीत. चित्र गुरूचें, पण तें कापडांत, लांकडांत व धातूंत उतरविणें शिष्यांचें. ह्या दोन टोकांमधील अंतरांतच शिष्याची स्वतंत्र बुद्धि प्रकट होण्यास जागा मिळाली, असें आम्हांस वाटतें. एकाच कामांतून निघालेले शिष्य परस्परांहून किती भिन्न झाले, हें पाहिलें म्हणजे ह्या मतास पुष्टि मिळते. दामले यांचा ओढा यंत्राकडे होता. पुढें बोलपटांच्या काळांत ध्वनिलेखनाचें काम त्यांनीं सांभाळिलें. फत्तेलाल यांचा ओढा आकाराकडे व देखाव्याकडे होता. ते कलादिग्दर्शक झाले. शांताराम वणकुद्रे हे हुबळीच्या रेल्वे कारखान्यांत काम करून कंपनींत आले, पडेल तें काम करीत शिकले, १९२१ च्या 'सुरेखा हरण' चित्रांत श्रीकृष्ण झाले व अखेर दिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आले. दामले व फत्तेलाल यांनीं १९२८ सालीं 'महारथी कर्ण' हें चित्र स्वतः दिग्दर्शित केलें आणि १९२९ सालीं हे तिघे, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांनीं मिळून प्रभात कंपनी स्थापिली.

आत्माविष्कार म्हणजे भपका, असा समज असेल तर १९३६ चें 'संत तुकाराम' पाहावें. पौराणिक चित्रांच्या किरीटकुंडलांत वाढलेल्या ह्या दोघां शिष्यांनीं तेथें देहूच्या गरीब वाण्याचें घर, त्याची भांडीं व त्याचें साधें वस्त्र उभें केलें. गुरूपासून घेतलेली विद्या त्यांनीं गुरूहून निराळ्या दिशेस नेली. १९३७ सालीं व्हेनिस येथें त्या चित्राचा गौरव झाला.

येथें आमच्या वाचकांस एक इशारा देणें अवश्य आहे. १९२३ सालीं बाबूरावांनीं हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' काढिला. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनीं १९३३ सालीं पुढें आणिलेलें शिवछत्रपतींचें समकालीन चित्र तेव्हां महाराष्ट्रांत प्रसिद्ध नव्हतें. उलट इब्राहिमखान नामक दुसऱ्याच इसमाचें चित्र महाराजांचें म्हणून प्रचलित होतें. अर्थात् अशा चित्रपटांतील पेहराव हा सतराव्या शतकाचा पुरावा नव्हे. तो विसाव्या शतकांतील कलावंतांच्या कल्पनेचा पुरावा होय. मात्र ह्या कारणास्तव तो टाकाऊ ठरत नाहीं. आपल्या मनांतील मावळा कोठून आला, हें ज्यास शोधावयाचें आहे, त्यास हाच मूळ कागद आहे. दोन्ही पुराव्यांची गल्लत करूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

खेदाची गोष्ट ही कीं, हा पुरावा फार थोडा उरला आहे. बाबूरावांच्या मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट झाले. 'मुरलीवाला' (१९२७) याचा कांहीं भाग शिल्लक आहे, व 'कल्याण खजिना' (१९२४) याचें भित्तिपत्रक उपलब्ध आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं पुण्यास निघालें, तोंपर्यंत पुष्कळ हानि होऊन गेली होती. प्रभातच्या जागेंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. जेथें दामले-फत्तेलाल यांनीं देखावे उभारले, तेथें विद्यार्थी आज तीच विद्या शिकतात, हा त्यांतल्या त्यांत समाधानाचा भाग होय.

म्हणून संग्राहक मंडळींस आमची विनंति आहे कीं, जुन्या नाटक व चित्रपट मंडळ्यांचीं दप्तरें हातीं आल्यास शिंप्याचीं मापें, कापडाचे हिशेब, रंगाच्या पावत्या व पेन्सिलीचीं रेखाटनें हीं किरकोळ समजून वेगळीं काढूं नयेत. जुन्या किरीटावर नवी बेगड चढवूं नये. आंतील लगदा, शिवण व खिळे हींच त्याचीं अक्षरें आहेत. वस्तु कोणाच्या घरून व केव्हां मिळाली, हें त्याच दिवशीं चिठ्ठीवर टिपून तिजसह ठेवावें. गुरूचें नांव ग्रंथांत राहतें. शिष्याचा हात मात्र अशाच तुकड्यांत राहिलेला असतो, आणि तो एकदां गेला म्हणजे कोणत्याही नकलेवरून पुन्हां मिळत नाहीं.